कॅप्सूल आणि खोडरबर

“मला दोन हनुवट्या कधीपासून झाल्या?” बँकेतले कॅशियर काकूंच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत कुरकुरले, आणि कुरकुरताना त्यातली खालची हनुवटी काकूंच्या खांद्याला टेकली.

झाल्या त्याला बरीच वर्षं लोटली, हे काकूंच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण जिभेवर आलेलं गिळायचं आणि पडद्यावर आलेलं पुसायचं, यावरच त्यांचा फोटो स्टुडिओ इतकी वर्षं चालला होता. कॅमेऱ्याचं हल्ली काही खरं नाही, एवढंच म्हणून त्यांनी माउस फिरवला. हनुवटी एकच उरली. मग कुणी न सांगता त्यांनी डोळ्यांखालच्या पिशव्या उतरवल्या, कपाळावरची एक आठी सैल केली. नाकाशेजारचा तीळ मात्र राहू दिला. तो गेला असता तर कॅशियरना त्यांच्या बायकोनंही घरात घेतलं नसतं. कॅशियरनी मान तिरकी करून स्वतःला न्याहाळलं आणि आता बरोबर आलाय असं सांगून, खरी हनुवटी खाजवत निघून गेले.

या कामाला धंद्यात टचिंग म्हणतात. काकूंना ते कुणी शिकवलं नव्हतं. काका फोटो काढण्यात वाकबगार, पण दुकानात कॉम्प्युटर आला तेव्हा ते माउसकडे पाल बघितल्यासारखे बघायला लागले. मग काकू खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. सुरुवातीला एका गृहस्थांच्या गालावरचा मस पुसता पुसता त्यांचा अख्खा कान गेला होता. पुढे हात बसला. इतका बसला की रस्त्यानं चालतानाही समोरून येणाऱ्याच्या तोंडावर काही दिसलं की काकूंचं उजवं बोट आपोआप वळवळायचं.

स्टुडिओचे नियम दोन. पहिला, गिऱ्हाइकाच्या तोंडाला नाव ठेवायचं नाही. दुसरा, मूळ फोटो ठेवायचा नाही. हा दुसरा नियम एका वकिलांमुळे आला. त्यांनी आपल्या टचिंग केलेल्या फोटोशेजारी चुकून मूळ फोटो पाहिला आणि हा भलताच कोण माणूस माझे कपडे घालून बसलाय म्हणून पार गुद्द्यांवर आले. त्या दिवसापासून काकू साफ केलेला फोटो मूळ फोटोवरच साठवायला लागल्या. एकदा साठवला की आधीचा चेहरा जगातून गेला. कॅमेऱ्यातलं कार्ड काका तितक्याच तत्परतेनं पुसून टाकायचे.

हे सगळं ठीकच होतं. पण वरच्या मजल्यावर घर होतं, आणि घरात ठकी होती.

ठकी ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि ते तिथंच राहिलं. शाळा संपता संपता तिच्या हनुवटीवर एक मुरूम आला. तो पाहुणा म्हणून आला आणि सगळा गोतावळा बोलावून ठाण मांडून बसला. आता ठकी कमावती झाली होती, आणि गोतावळा दोन्ही गालांवरून, जबड्याच्या कडेनं, मानेपर्यंत उतरला होता. वाटाण्याएवढे फोड, काही कातडीखाली दडून बसलेले, नुसता वारा लागला तरी ठणकणारे. गेले त्यांनी आपल्या जागी खड्डे ठेवले होते. ठकीला कुशीवर झोपता येत नसे. उशीला गाल लागला की तिला जाग यायची.

आणि घरात त्या शब्दाला बंदी होती. कुणी घातली नव्हती, पण होती. काका म्हणायचे, हवा बदलली की जरा होतं. शेजारच्या गल्लीत राहणारी ठकीची आत्या म्हणायची, उष्णता. काकू काहीच म्हणायच्या नाहीत. समोरचा रस्ता दुरुस्त करायला एकदा ट्रकभर मुरूम येऊन पडला, तर ठकी जेवत असताना काकांनी त्याला “ती लाल लाल खडबडीत माती” असं म्हणून वेळ मारून नेली. ठकीनं जेवता जेवता वर बघितलं आणि पुन्हा ताटात बघितलं.

भिंतीवरच्या ठकीला मात्र काही झालेलं नव्हतं. जिन्यापासून स्वयंपाकघरापर्यंत तिचे फोटो लागले होते, दर वाढदिवसाचा एक, आणि प्रत्येकात गाल सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखे. काकूंनी ते रात्रंदिवस एक करून घडवले होते. गिऱ्हाइकाला दहा मिनिटं, पण ठकीच्या एका गालाला अर्धी दुपार. माया दुसरीकडे कुठे ओतायची ते त्यांना कळत नव्हतं. ठकी आईला खोडरबर म्हणायची. या घरात माझ्यापेक्षा माझे फोटो जास्त लाडके आहेत, असंही एकदा म्हणाली होती. गमतीतच म्हणाली होती. निदान काकूंनी ते गमतीतच घेतलं होतं.

ठकी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. नोकरी म्हणून चांगली, पण तिच्या तोंडाला अगदीच न मानवणारी. फ्रेम बसवायची म्हणजे गिऱ्हाइकाच्या समोर वीतभर अंतरावर बसायचं, कानामागे काडी सरकवायची, नाकावर नीट टेकलीय का बघायचं. तोवर गिऱ्हाइकाला सगळं धुरकट दिसत असतं. मग काच बसवली की त्याला जग एकदम लख्ख दिसायला लागतं. आणि नवा चष्मा लावल्यावर सगळ्यात आधी काय दिसतं, तर ठकीचं तोंड.

लोक तसे भले असतात. पापणी लवायच्या आत नजर दुसरीकडे नेतात. पण एक दिवस एक आजोबा आले. बरीच वर्षं त्यांनी नंबर तपासला नव्हता. ठकीनं त्यांना चष्मा घातला, त्यांनी समोर पाहिलं, आणि अगदी कळवळून त्यांच्या तोंडून “अरेरे” निघालं. मग त्यांनी ठकीचा हात हातात घेतला आणि विचारलं, पोरी, भाजलं का गं कशानं.

त्या दिवशी ठकी रडली नाही. दुकानाच्या मालकाची परवानगी घेऊन तिनं मोठ्या हॉस्पिटलमधल्या त्वचेच्या डॉक्टरांची वेळ मागून घेतली, घरी आली आणि जेवताना सांगून टाकलं की मी उद्या डॉक्टरकडे चाललेय. कशासाठी, हे कुणी विचारलं नाही. काका म्हणाले, आम्हीही येतो, तेवढीच हवा बदलेल.

हॉस्पिटल लांबच्या शहरात होतं, बसनं जायला अर्धा दिवस. डॉक्टरीणबाईंचा चष्मा डावीकडे कलला होता आणि ठकीचे हात तो सरळ करायला शिवशिवत होते. बाईंनी दिव्याखाली ठकीचा चेहरा इकडून तिकडून फिरवून पाहिला. हे कधीपासून, कसं वाढत गेलं, जुने फोटो आहेत का, असं विचारलं. काकांचा ऊर भरून आला. फोटो आहेत का, हे त्यांना विचारायचं? त्यांनी पाकिटातून एक, फोनमधून वीस, असा सगळा ऐवज टेबलावर मांडला.

डॉक्टरीणबाईंनी एक फोटो उचलला. ठकीकडे पाहिलं. पुन्हा फोटोकडे पाहिलं.

“ही हिची धाकटी बहीण का?”

ठकी छताकडे बघत होती. काकूंनी पर्स उघडून त्यात काहीतरी शोधायला घेतलं. काका म्हणाले, उजेड चांगला होता त्या दिवशी.

बाईंनी फोटो बाजूला सारले आणि औषधाचं सांगितलं. नाव लांबलचक होतं. अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातलंच औषध, पण सोज्वळ घराण्यात एखादा दांडगट निघावा तसं. रोज कॅप्सूल, पुढचे बरेच महिने. ती तूप-लोण्याच्या जेवणासोबतच घ्यायची, नाहीतर अंगी लागत नाही. ओठ फुटतील, डोळे कोरडे पडतील, नाकातून थोडं रक्त येईल, ऊन सोसणार नाही. मन फार उदास वाटायला लागलं तर लगेच कळवायचं. दर महिन्याला रक्त तपासायचं. आणि सुरुवातीला हे सगळं कमी होण्याऐवजी वाढेल, तेव्हा घाबरून सोडायचं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मग त्याच सुरात, भाजीचा भाव सांगावा तसं, त्या म्हणाल्या की या औषधावर असताना दिवस राहता कामा नयेत, बाळाला फार मोठा धोका असतो, म्हणून दर महिन्याला तीही तपासणी होईल आणि काळजी कशी घ्यायची ते ठकीशी एकटीशी बोलू. काकांना एकाएकी खोलीतल्या दिव्यांत फार रस निर्माण झाला. कुठला बल्ब किती उजेड देतो याचा ते अंदाज घ्यायला लागले, आणि तो घेत घेतच बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

ठकी तासाभरानं बाहेर आली ती चिठ्ठी घेऊन, आणि बाईंचा चष्मा सरळ करून. एक महिना आड प्रत्यक्ष यायचं. मधल्या महिन्यात रक्ताचे रिपोर्ट आणि चेहऱ्याचे तीन फोटो पाठवायचे, समोरून, डावीकडून, उजवीकडून. त्यावरून औषधाची मात्रा ठरेल.

“फोटोचं तुम्ही आमच्यावर सोडा,” काका म्हणाले. पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ या वाक्यात होतं, पण तेव्हा ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

घरात कॅप्सूलचं राज्य सुरू झालं. लोण्याचं खातं काकांनी मागून घेतलं. ठकीच्या पावाला ते बोटभर लोणी थापायचे आणि तिला एकटं वाटू नये म्हणून तेवढंच आपल्याही पावाला. महिनाभरानं ठकीचं रक्त तपासलं तेव्हा हौसेनं त्यांनी आपलंही तपासून घेतलं. ठकीचा रिपोर्ट स्वच्छ आला. काकांच्या रक्तातली चरबी बघून तपासणाऱ्या माणसानं त्यांना बसायला खुर्ची दिली.

आत्याचा उद्योग गेला. इतकी वर्षं ती वाटीत काही ना काही कालवून आणायची आणि ठकीच्या तोंडाला फासायची. डॉक्टरीणबाईंनी सगळे लेप बंद केले. मग तिनं ताकदीच्या म्हणून माशाच्या तेलाच्या गोळ्या आणल्या, तर त्याही चालणार नाहीत असं निघालं, कारण त्यातही तेच जीवनसत्त्व. वहिनी, तुमच्या त्या डॉक्टरणीला माझ्याशी काय वैर आहे, असं विचारून ती गोळ्या परत घेऊन गेली. पुढे बरेच दिवस त्या तिची मांजर खात होती. मांजरीच्या अंगावर म्हणे चांगलीच झळाळी आली.

सगळ्यात मोठी पंचाईत ओठांची झाली. ठकीचे ओठ उन्हाळ्यातल्या तळ्यासारखे भेगाळले. हसलं की फाटायचे आणि रक्त यायचं. त्यामुळे घरात हसवायला मनाई झाली. काकांना हे फार जड गेलं. दिवसातून निदान एक विनोद केल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. मग ते स्वयंपाकघरात येऊन काकूंच्या कानात विनोद सांगायचे, आणि काकू तोंडाला पदर लावून तो गिळायच्या.

आणि बाईंनी सांगितलं होतं तसंच झालं. गाल पेटले. होते ते फुगले, नव्हते तिथं नवे आले. ठकी दुकानात जाताना मान खाली घालून, गळ्याभोवती ओढणी गुंडाळून जायला लागली. घरात सगळे तिच्या कपाळाशी, नाहीतर कानांशी बोलायचे. चेहरा कसा वाटतोय म्हणून तिनं एकदा विचारलं, तर काका, काकू आणि योगायोगानं आलेली आत्या एका सुरात म्हणाले, छान. आत्यानं तर त्यावर तेजही आलंय असं सांगितलं. ठकी ओठांना मलम लावत बसली.

अशात पहिल्यांदा फोटो पाठवायचा दिवस आला. काकांनी ठकीला स्टुडिओत बसवलं, तिन्ही बाजूंनी फोटो काढले, आणि ठकी कामाला गेली. फोटो कॉम्प्युटरवर आले. काकू खुर्चीत बसल्या.

त्यांच्या मनात काहीसुद्धा नव्हतं. फोटो जोडायचे आणि पाठवायचे. पण पडद्यावर ठकी भिंतीएवढी मोठी होऊन समोर आली आणि काकूंचं बोट वळवळायला लागलं. नाकाच्या शेंड्यावर एक होता. डॉक्टरांना गालाशी काम आहे, नाकाशी काय, असं म्हणून काकूंनी तेवढा एक काढला. मग त्याच्या शेजारचा फार उठून दिसायला लागला. मग हनुवटीवरचा पिकलेला, तो तर लेकीला दिवसभर ठणकला असणार, म्हणून जरा हलका केला. इथून पुढे काकू जाग्या होत्या की नाही हे त्यांनाही सांगता आलं नसतं. हात चालत राहिला. दुखऱ्या जागेवरून हात फिरवावा तसा तो डाव्या गालावरून फिरला, उजव्या गालावरून फिरला, मानेवर उतरला. फार नाही केलं. बाईंना संशय येऊ नये एवढे चार इथं तिथं ठेवले. मग सवयीनं मूळ फोटोवर साठवलं, आणि पाठवून दिलं.

डॉक्टरीणबाईंचं उत्तर ठकीच्या फोनवर आलं ते रविवारी सकाळी, न्याहारीच्या वेळेला. ठकीनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. फारच छान सुधारणा आहे. इतक्या लवकर अपेक्षित नव्हती. नव्या महिन्यापासून मात्रा निम्मी करू या.

काकूंना पहिल्यांदा काय वाटलं असेल तर चक्क अभिमान वाटला. आजवर त्यांच्या टचिंगला इतक्या शिकल्यासवरल्या माणसानं शाबासकी दिली नव्हती. मग ते शेवटचं वाक्य त्यांच्या डोक्यात हळूहळू उतरलं आणि तोंडाशी नेलेला कप त्यांनी बशीत परत ठेवला.

ठकीनं चमचा उलटा धरून त्यात आपला गाल पाहिला. बराच वेळ पाहिला.

“म्हणजे ह्याला सुधारणा म्हणतात,” ती म्हणाली.

ती शांतपणे सांगत गेली की आपण समजत होतो आणखी काहीतरी होईल. पण बाई रोज शंभर चेहरे बघतात, त्यांना हे छान वाटत असेल तर हेच छान. याच्यापुढे काही नाही. मग एवढ्यासाठी ओठ फाडून घ्यायचे, उन्हाला घाबरायचं, बाबांचं रक्त बिघडवायचं कशाला? हातातली पाकिटं संपली की बस. तिनं लोण्याची वाटी काकांकडे सरकवली. काकांनी घाबऱ्या घाबऱ्या, तू मुळातच छान आहेस, असं सांगितलं. तेव्हा तिनं बापाकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी ती नंबर चुकलेल्या काचेकडे बघायची, आणि उठून आत गेली.

काकू खाली स्टुडिओत धावल्या. कॉम्प्युटरचा कानाकोपरा शोधला. कचऱ्याची टोपलीसुद्धा त्यांनी स्वतःच्या हातानं रिकामी केलेली निघाली. कॅमेऱ्यातल्या कार्डावर आता शेजारच्या शाळेतली पन्नास पोरं दात काढून बसली होती. मागून काका आले, आणि त्यांचं तोंड बघून काकूंनी दारातच कबूल करून टाकलं. तुमच्याकडे एखादा तरी मूळ फोटो असेल तर द्या, बाईंना खरं दाखवू, ठकीला कळायच्या आत मात्रा होती तशी करून घेऊ, अशी त्यांनी विनवणी केली.

काकांनी मान खाली घातली. मूळ फोटो नव्हताच. आणि असता तरी उपयोग नव्हता, कारण फोटो काढतानाच त्यांनी भिंगावर ती मऊ करणारी काच चढवली होती, म्हाताऱ्या बायकांना लावायची ती. “जराशीच,” ते म्हणाले. “पोर समोर बसली आणि माझ्यानं राहवलं नाही गं.”

म्हणजे आधी नवऱ्यानं पुसलं होतं आणि मग बायकोनं. डॉक्टरीणबाईंना नवजात बाळाचा चेहरा गेला असणार.

आता एकच उपाय होता, नवा फोटो. पण ठकीला सांगायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगायचं तर तो शब्द आला, तो गाल आला, सगळंच आलं. त्यापेक्षा चोरी बरी, असं दोघांचं ठरलं. दुपारी जेवून ठकी खिडकीशी पलंगावर आडवी झाली. तिचा डोळा लागल्याची खात्री करून काकू स्टूल घेऊन आत शिरल्या. गळ्यात काकांचा जड कॅमेरा, आणि दारात काका, उजेड परतवायची पांढरी पाटी पोटाशी धरून, मोजे घालून. स्टूल कुरकुरलं. काकूंनी श्वास रोखला, वर चढल्या आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

खिडकीतून ऊन तिरपं येत होतं. स्टुडिओत असा उजेड काका कधी कुणाच्या तोंडावर पडू देत नसत. या उजेडात प्रत्येक फोड आपली सावली घेऊन उभा होता. झोपेतसुद्धा ठकीनं एक हात मानेखाली असा धरला होता की चेहरा कुठे कलंडू नये, कशाला टेकू नये. काकूंना भिंगातून ते सगळं दिसलं आणि त्यांचं बोट वळवळलं नाही. ते गप्प झालं. खटका दाबायचंही त्याला सुचेना. शेवटी दाबला तो दोन्ही हातांनी.

“सावली पडलीय तुझी,” ठकी म्हणाली. डोळे मिटलेलेच होते.

काकू स्टुलावरून उतरल्या त्या जवळजवळ पडल्याच. काका पाटीमागे लपले. पाटी त्यांच्यापेक्षा बरीच लहान होती. काय चाललंय, असं ठकीनं उठून बसत विचारलं. डॉक्टरांना पाठवायचाय, असं काकू म्हणाल्या. पाठवलाय की, असं ठकी म्हणाली. मग काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं, आणि सांगितलं. नाकावरच्या एकापासून सुरुवात केली आणि मानेपर्यंत आल्या. मऊ काचेचंही सांगितलं. त्यात काकांना वाचवायचा प्रयत्न केला, पण तो फारसा मनापासून नव्हता.

ठकी ऐकत राहिली. तिच्या ओठांचे कोपरे थरथरायला लागले, तेव्हा काकूंना वाटलं आता रडते. पण तिनं दोन्ही हातांनी ओठ दाबून धरले.

“हसवू नका मला,” ती हातांआडून म्हणाली. “फाटतील.” मग हसू खाली बसल्यावर तिनं आईकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात हसू नव्हतं. “म्हणजे ते छान नाहीये. बाईंनी मला बघितलंच नाही.”

“नाही बघितलं.”

“तुम्ही तरी बघितलंय का?”

काका दारात पाटी हातातून हातात घेत राहिले.

ठकी उठली, खुर्ची ओढून खिडकीला लावली आणि त्या निर्दय उजेडात जाऊन बसली. केस मागे बांधले. ओढणी काढून ठेवली. मऊ काच काढलीय ना, असं तिनं बापाला विचारलं, आणि त्यानं मान हलवल्यावर आईला समोर, वीतभर अंतरावर बसायला सांगितलं. ती दुकानात गिऱ्हाइकासमोर बसते तशी. मग म्हणाली की फोटो काढू, आज संध्याकाळीच पाठवू, मी स्वतः पाठवीन, आणि कॅप्सूलही बाई सांगतील तितके महिने घेईन. पण आधी एक काम करायचं. दुकानात आम्ही नंबर तपासतो तेव्हा गिऱ्हाइकाला पाटीवरचं मोठ्यानं वाचायला लावतो. अंदाजानं वाचलेलं चालत नाही. पाठ केलेलं तर मुळीच चालत नाही.

“वाच,” ती म्हणाली. “काय दिसतंय?”

काकूंनी घसा साफ केला. “डोळे तुझे पहिल्यापासूनच...”

“डोळे नकोत. खालची ओळ.”

“जराशी उष्णता...”

“चुकलं.”

काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांनी पाटी खाली ठेवली होती आणि तेही लेकीच्या गालाकडेच बघत होते, कपाळाकडे नाही, कानाकडे नाही. काकूंनी उजवा हात उचलला. त्या हातानं त्या गालावरून माउस धरून किती दुपारी काढल्या होत्या, पण बोट असं टेकवलं नव्हतं. आता टेकवलं, अगदी हलकं, डाव्या गालाच्या कडेला, जिथं त्यातल्या त्यात बरी जागा होती. गाल गरम होता. ठकीनं तोंड फिरवलं नाही.

“मुरूम आहेत, ठके,” काकू म्हणाल्या. “पुष्कळ आहेत. ह्या गालावर तर जागाच राहिली नाही. पिकलेत, ठणकत असणार, आणि गेले तिथं खड्डे पडलेत. वाईट दिसतंय गं. इतकी वर्षं वाईट दिसतंय. आणि ते आम्हाला रोज दिसत होतं.”